अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे जुने कागद फुकट वाचायला देणारी सेवा: आदर्शवाद खरंच चालतो का, हे बघायचं असेल तर इथे बघा

अमेरिका जगात जे काही करते ते तत्त्वासाठी करते की स्वार्थासाठी, यावर तावातावाने भांडणारे खूप भेटतात, पण ज्या कागदांवर हे भांडण व्हायला हवं ते कागद उघडून बघितलेले लोक अगदी मोजके. आणि ते कागद कुठे तिजोरीत नाहीयेत हो, सगळ्या जगासाठी उघडे आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात 'ऑफिस ऑफ द हिस्टोरियन' म्हणून एक कार्यालय आहे, ते 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' नावाची मालिका काढतं, अभ्यासक तिला नुसतं 'फ्रस' म्हणतात. १८६१ मध्ये लिंकनच्या काळात सुरू झाली, आत्तापर्यंत साडेचारशेहून जास्त खंड झालेत, आणि ते साइटवर फुकट वाचता येतात, लॉगिन नाही, सबस्क्रिप्शन नाही, ईपब पीडीएफ हवं तर डाउनलोड करा.

आत काय आहे तर मंत्र्यांनी राष्ट्राध्यक्षांना पाठवलेले मेमो, वकिलातींच्या तारा, बैठकांची टिपणं, निक्सनच्या काळातल्या टेप्सचे उतारे. इतिहासकाराने लिहिलेली गोष्ट नाही, मूळ कागद. माझ्या मते या सेवेतली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे प्रत्येक कागदाची पहिली तळटीप. नवीन माणूस ती हमखास सोडून देतो, आणि खरी माहिती तिथेच असते. हा कागद कुठल्या अर्काइव्हमध्ये आहे, किती गोपनीय होता, कोणी ड्राफ्ट केला, कोणकोणत्या विभागाने क्लिअर केला, राष्ट्राध्यक्षांनी बघितला का, बघितला तर मार्जिनमध्ये काय खरडलं. आदर्शवाद भाषणात असणं वेगळं आणि त्या क्लिअर करणाऱ्यांच्या यादीत असणं वेगळं, हे मला पुस्तकांपेक्षा या बारीक अक्षरातल्या टिपांनी जास्त पटवलं, आणि पुढे जे लिहितोय ते सगळं त्यावरच आहे.

पहिल्या महायुद्धाच्या वेळचा राष्ट्राध्यक्ष विल्सन, त्याच्यापासून सुरुवात करू, कारण आदर्शवाद म्हटलं की त्याचंच नाव आधी येतं. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेचे तेरा खंड आहेत. जानेवारी १९१८ मध्ये त्याने चौदा कलमं मांडली तेव्हा जगभरातल्या गुलाम देशांनी कान टवकारले, टिळक १९१९ च्या सुरुवातीला लंडनमध्ये होते आणि हिंदुस्थानलाही स्वयंनिर्णयाचा हक्क लावा म्हणून त्यांनी विल्सनला पत्र लिहिलं. हाती काहीच आलं नाही. चार बड्यांच्या (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली) बैठकांची टिपणं या खंडांमध्ये आहेत, त्यातला एप्रिल १९१९ मधला शांटुंगचा विषय वाचा. चीनचा तो मुलूख जर्मनीकडे होता, तो चीनला परत जायला हवा हे कोणालाही कळेल, पण जपानने ब्रिटन आणि फ्रान्सशी आधीच गुप्त करार करून ठेवले होते, आणि जपान लीगच्या, म्हणजे नव्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) बाहेर राहील या भीतीने विल्सन शेवटी मान तुकवतो. म्हणजे लीग हे एक तत्त्व वाचवायला स्वयंनिर्णय हे दुसरं तत्त्व सोडून दिलं. चीनमध्ये ४ मे ला विद्यार्थी रस्त्यावर आले ते यामुळेच. त्याआधी एप्रिलमध्येच वंशसमानतेचा जपानी प्रस्ताव लीगच्या समितीत १७ पैकी ११ मतं मिळवून सुद्धा पडला, कारण अध्यक्षस्थानी बसलेल्या विल्सनने एकमत हवं असं ठरवलं. इतकं सगळं सोडून वाचवलेली लीग त्याच्याच सिनेटने १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा १९२० च्या मार्चमध्ये नाकारली. विल्सन ढोंगी होता असं मला अजिबात वाटत नाही, माणूस मनापासून बोलत होता. पण सगळा आदर्शवाद एकाच माणसाच्या डोक्यात, खाली ना विभाग ना कायदा ना सिनेट सोबत, तो माणूस टेबलावर थकला की विषय संपला.

१९४८ चा पहिला खंड उघडलात तर परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजन गटाचा प्रमुख जॉर्ज केनन याचं २४ फेब्रुवारीचं टिपण मिळेल, पीपीएस/२३. इंटरनेटवर याच्या चार ओळी वर्षानुवर्षं फिरतायत, की आपल्याकडे जगाची साधारण ५० टक्के संपत्ती आणि लोकसंख्या ६.३ टक्के, तेव्हा मानवी हक्क आणि लोकशाहीकरण वगैरे अंधूक गोष्टींबद्दल बोलणं आता बंद करू या. ओळी खऱ्याच आहेत, वाचून अंगावर काटा येतो. पण त्या पूर्व आशियावरच्या भागात आहेत, आणि तिथे केननचं म्हणणं असं की आशियात आपण झेपणार नाही इतका पसारा मांडलाय, लोकांना आपल्यासारखं बनवायला जाऊ नका. म्हणजे निष्ठुर तर आहेच, पण त्यात एक सावधपणाही आहे, जो पुढे व्हिएतनामच्या वेळी कोणी दाखवला असता तर बरं झालं असतं. चार ओळींवरून हे कळत नाही, अख्खं टिपण वाचल्यावर कळतं. आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, त्या आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट, म्हणजे अमेरिकेच्याच प्रतिनिधी. एक सरकार, एक वर्ष, दोन्ही आवाज. म्हणून अमेरिका आदर्शवादी की वास्तववादी असं एका वाक्यात विचारलं की मला उत्तरच देता येत नाही, कुठला विभाग, कुठला महिना, कोणाची सही, ते आधी सांगा.

आता ज्या खंडासाठी मी ही सेवा प्रत्येकाला सुचवतो तो म्हणजे १९७१ चा दक्षिण आशिया पेचप्रसंगाचा खंड, अकरावा, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाक्यात उतरतं. तिथले अमेरिकन कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड तारांमागून तारा पाठवतायत की इथे कत्तल चाललीय, वरून शब्द नाही. ६ एप्रिलला ती प्रसिद्ध तार जाते, ढाक्यातल्या वीस अमेरिकन अधिकाऱ्यांच्या नावानिशी, आपल्याच सरकारच्या धोरणाशी लेखी असहमती. आपल्या सरकारने लोकशाही चिरडली गेली तरी निषेध केला नाही, अत्याचारांचा निषेध केला नाही, असं एकामागून एक वाक्य, सरकारी भाषेत इतकं सरळ मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

या तारेबद्दल ऐकलेलं असतं सगळ्यांनी, पण खाली ब्लडने स्वतः जे जोडलंय ते फारसं कोणी सांगत नाही. तो म्हणतो की मी या कार्यालयाचा प्रमुख आहे तोवर या निवेदनावर सही करणं मला योग्य वाटत नाही, पण या लोकांची मतं मला मान्य आहेत. आणि मग पुढे तो शुद्ध हिशोब मांडतो. या लढ्यात शेवटी बंगाली जिंकतील आणि स्वतंत्र बांगलादेश होईल ही शक्यता सगळ्यात जास्त आहे, अवामी लीग या बंगाली पक्षाची सदिच्छा आज आपल्याकडे आहे, हरणाऱ्या बाजूला एकतर्फी चिकटून ती घालवणं मूर्खपणाचं ठरेल. एप्रिलमध्ये लिहिलंय हे, डिसेंबरमध्ये तेच झालं. वॉशिंग्टनमध्ये स्वतःला वास्तववादी म्हणवणारे बसले होते आणि वास्तव बरोबर वाचलं ढाक्यातल्या या 'भावनाप्रधान' माणसांनी. आदर्शवाद म्हणजे हवेतल्या गप्पा असं जे कोणी म्हणतं त्याला मी ही तार वाचायला सांगतो, कारण जमिनीवर मेलेल्या माणसांची मोजदाद करणाऱ्यालाच कळत होतं की वारं कुठे वाहतंय.

आणि मग येतो निक्सनचा सुरक्षा सल्लागार किसिंजर याचा २८ एप्रिलचा मेमो. तीन पर्याय दिलेत, निक्सनने तिसरा निवडला, म्हणजे पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान याला वाटाघाटीने तोडगा काढायला मदत करायची, आणि खाली हाताने लिहिलं की सगळ्यांना कळवा, याह्याला या वेळी पिळू नका. 'नका'खाली तीन रेघा आहेत आणि ते तळटिपेत नोंदवलंय. त्या तीन रेघांवर मी बराच वेळ अडकून बसतो. कारण आदल्याच दिवशी, २७ एप्रिलला, पाकिस्तानच्या राजदूताने चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांचा निरोप आणून दिला होता, चीनचं दार उघडायला लागलं होतं आणि ते पाकिस्तानातून उघडत होतं, जुलैमध्ये किसिंजर त्याच वाटेने गुपचूप पेकिंगला गेला. चीनशी संबंध जुळणं ही मोठी गोष्ट होती हे मलाही मान्य आहे. पण लाखो माणसांचे जीव त्या व्यवहारात धरलेच गेले नाहीत, आणि धरायला लावेल असं त्या खोलीत कोणी नव्हतं. ब्लडची तार पोचली होती, वाचली गेली होती. फक्त तिच्या जोरावर धोरण कागदावर अडवून धरायचा अधिकार कोणाकडे नव्हता. ब्लडला ढाक्याहून हलवलं.

इथून उडी मारून कार्टरच्या खंडांकडे या, ही तुलना केल्याशिवाय या सेवेची खरी किंमत कळत नाही. मानवी हक्क आणि मानवतावादी विषयांवर अख्खा स्वतंत्र खंड आहे, १९७७-१९८० मालिकेतला दुसरा, २०१३ मध्ये आलेला. कार्टरच्या आधीच काँग्रेसने कायदे केले होते, की जे सरकार स्वतःच्या लोकांचे हक्क सतत आणि गंभीरपणे तुडवतं त्याला मदत देऊ नका, हे लोक विसरतात आणि सगळं श्रेय किंवा सगळा दोष कार्टरच्या स्वभावाला देतात. कार्टरने त्यावर यंत्रणा उभी केली. खात्यात मानवी हक्कांचा विभाग, त्यावर पॅट्रिशिया डेरियन, जी नागरी हक्क चळवळीतून आलेली आणि कोणाला जुमानणारी नव्हती, आणि उपपरराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफरच्या अध्यक्षतेखाली एक आंतरविभागीय गट, जो कुठल्या देशाला कर्ज द्यायचं कुठल्याचं अडवायचं ते एकेक प्रकरण घेऊन ठरवायचा. फेब्रुवारी १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा लेखी आदेशही निघाला. कागदांवर फरक लगेच दिसतो. लॅटिन अमेरिका विभाग म्हणतोय द्या, डेरियनचा विभाग म्हणतोय नको, आणि आता प्रकरण वर न्यावंच लागतंय कारण दोघांचंही म्हणणं फाइलवर आहे.

अर्जेंटिनाचं प्रकरण घ्या, दक्षिण अमेरिकेच्या खंडात सापडेल. तिथे लष्करी राजवट, हजारो माणसं गायब. अ‍ॅलिस-चामर्स कंपनीला तिथल्या धरणासाठी टर्बाइन्स विकायच्या होत्या, एक्झिम बँकेचं (निर्यातीला कर्ज देणारी अमेरिकेची सरकारी बँक) साधारण २७ कोटी डॉलरचं कर्ज हवं होतं, १९७८ च्या उन्हाळ्यात मानवी हक्कांच्या कारणावरून ते अडवलं गेलं. अमेरिकेतच बोंबाबोंब झाली, आमच्या कामगारांनी काय पाप केलंय, हे टर्बाइन युरोपवाले विकतील, आणि तो मुद्दा खोटा नव्हता. मग सप्टेंबरमध्ये उपराष्ट्राध्यक्ष माँडेल रोममध्ये अर्जेंटिनाचा लष्करशहा विदेला याला भेटला, विदेलाने आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाला देशात येऊ द्यायचं कबूल केलं, आणि कर्ज सुटलं. तत्त्व विकलं असं म्हणणारे आहेत. पण सप्टेंबर १९७९ मध्ये आयोग ब्युनोस आयर्समध्ये आला तेव्हा आवेनिदा दे मायोवर गायब झालेल्यांच्या नातेवाइकांच्या रांगा लागल्या, हजारो तक्रारी लिहून घेतल्या गेल्या, १९८० मध्ये अहवाल आला आणि राजवटीला जे नाकारायचं होतं ते जगासमोर छापून आलं. मला तरी हा सौदा शुद्ध भाषणापेक्षा शंभरपट मोलाचा वाटतो. रांगेतल्या आईला अमेरिकेचा हेतू किती निर्मळ होता याच्याशी देणंघेणं नव्हतं, तिला मुलाचं नाव कुठेतरी नोंदवायचं होतं.

याच कार्टरने १९७७ च्या ३१ डिसेंबरला तेहरानमध्ये शहाच्या मेजवानीत इराणला स्थैर्याचं बेट म्हटलं, तेही विसरून चालणार नाही. जिथे तेल आणि तळ होते तिथे डेरियनच्या विभागाचा आवाज कमी पडायचा. रेगनच्या काळाचे खंड अजून अर्धवट आहेत त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही, पण १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांना रेगनने व्हेटो केला आणि सिनेटने २ ऑक्टोबरला ७८ विरुद्ध २१ ने तो उलटवला, म्हणजे तिथेही आदर्शवाद व्हाइट हाऊसमधून आला नाही, रस्त्यावरून आणि कॉलेजांमधून काँग्रेसमध्ये आला आणि कायद्यात जाऊन बसला म्हणून टिकला.

आता सेवेच्या कमतरता, आणि त्या गंभीर आहेत. १९८९ मध्ये इराणवरचा १९५२-५४ चा खंड आला, म्हणजे पंतप्रधान मोसादेकला उलथवलं तो काळ, आणि त्यात सीआयए आणि ब्रिटनच्या हाताचा पत्ताच नाही. सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट सरकारी इतिहासात नाही. मालिकेच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष इतिहासकार वॉरन कोहेन यांनी १९९० मध्ये राजीनामा दिला, इतिहासकारांनी आवाज उठवला, आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये कायदाच झाला की ही मालिका सर्वांगीण, अचूक आणि विश्वासार्ह असली पाहिजे आणि घटनेनंतर ३० वर्षांच्या आत आली पाहिजे. तरीही इराणचा दुरुस्त खंड यायला २०१७ उजाडलं, ६४ वर्षांनी. ३० वर्षांची मुदत आजही कित्येक खंडांना पाळता येत नाही. कागदांमध्ये मधेच कंसात 'एक ओळ खुली केलेली नाही' असं येतं, कधी अख्खा परिच्छेद जातो. पण गाळलंय हे सांगितलेलं तरी असतं, किती गाळलं तेही. धोरणातली चूक झाकण्यासाठी काही वगळायचं नाही हा नियम १९२५ पासून लेखी आहे, आणि इराणच्या वेळी तो मोडला म्हणून लोक भांडू शकले ते नियम लेखी होता म्हणूनच. स्वतःच्या अब्रूचे धिंडवडे काढणारे कागद एखाद्या महासत्तेने कायद्याने बांधून घेऊन छापावेत, हा मला त्यांच्या परराष्ट्र धोरणातला सगळ्यात प्रामाणिक आदर्शवाद वाटतो, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहितोय.

दुसरी गोष्ट, इथे फक्त अमेरिकन आवाज आहे. ७१ च्या खंडात बंगाली माणूस हा बहुतेक वेळा आकड्यात किंवा कोणाच्या तरी तारेत दिसतो, त्याचं स्वतःचं म्हणणं इथे नाही, ते दुसरीकडे शोधावं लागतं. आणि निवड शेवटी संपादकांची, अर्काइव्हमधल्या ढिगातला थोडाच भाग खंडात येतो, त्यामुळे 'फ्रसमध्ये नाही म्हणजे घडलंच नाही' असं कोणी म्हणायला लागलं तर त्याचं ऐकू नका.

वापरायचं कसं. नुसतं नाव टाकून सर्च केलं तर शेकड्याने कागद येतात आणि माणूस पळून जातो, म्हणून आधी खंड निवडा, प्रस्तावना वाचा, सुरुवातीच्या व्यक्तींच्या आणि संक्षेपांच्या याद्या बाजूच्या टॅबमध्ये उघड्या ठेवा कारण पहिल्या तासाला कोण कोणाचा साहेब हेच कळत नाही. मग तारखेच्या क्रमाने वाचा, मधून उचलून नको. भाषा इंग्रजी पण सरकारी साधी, दोन दिवसांत सरावते. राज्यशास्त्राच्या पोरांनी आदर्शवाद-वास्तववादाच्या नोट्स पाठ करण्याआधी ७१ चे मार्च ते मे एवढेच तीन महिने वाचावेत, नंतर कार्टरचा मानवी हक्कांचा खंड, विल्सन सगळ्यात शेवटी कारण ते तेरा खंड दमवतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा उशिरासाठी कापलाय. रवांडा, बोस्निया, इराक युद्धाबद्दल इथे आत्ता काही शोधू नका, मिळणार नाही. रेगनच्या काळातले जे खंड यायचे आहेत ते कुठल्या टप्प्यावर आहेत, संशोधन चाललंय की गोपनीयता उठवायच्या रांगेत अडकलेत, याचं वेगळं पान साइटवर आहे, मी ते अधूनमधून बघत असतो.